ऑस्ट्रेलियाने राजा सोडून प्रजासत्ताक व्हावं का?

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियासारख्या पुढारलेल्या देशाचा राष्ट्रप्रमुख अजून ब्रिटनचा राजा कसा, आणि त्यांनी प्रजासत्ताक व्हावं का. माझं उत्तर: व्हावं. मी मेलबर्नला राहतो, इथला नागरिक आहे, म्हणजे हा माझ्या मताचाही प्रश्न आहे.

२०११ च्या २६ जानेवारीला मी नागरिकत्वाची शपथ घेतली. लहानपणी हा दिवस म्हणजे इस्त्रीचा गणवेश, झेंडावंदन आणि येताना जिलबी. इथेही तो राष्ट्रीय दिन, पण १७८८ साली सिडनी कोव्हला ब्रिटिश झेंडा रोवला म्हणून. शपथेत निष्ठा वाहिली ती ऑस्ट्रेलियाला आणि इथल्या लोकांना. राणीचं नाव त्यातून १९९४ मध्येच गेलं होतं. समोरच्या भिंतीवर मात्र राणीचाच फोटो. खासदार तर आजही राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतात. हे मला तेव्हापासून खुपतं.

पण नुसत्या फोटोसाठी घटना बदला असं मी म्हणणार नाही. खरं दुखणं ११ नोव्हेंबर १९७५ चं आहे. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांच्याकडे कनिष्ठ सभागृहात बहुमत होतं, पण सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, खर्चाची मंजुरी अडवून धरली होती. निवडणुकीचा सल्ला द्यायला व्हिटलम राणीचे इथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल जॉन कर यांच्याकडे गेले, तर कर यांनी त्यांच्या हातात बडतर्फीचंच पत्र ठेवलं. आधी चाहूलही लागू दिली नाही. का? तर व्हिटलम राणीला सांगून आपल्यालाच काढतील ही भीती. म्हणजे कोण कोणाला आधी काढतो, अशी ही शर्यत! राणीलाही आधी न कळवलेलंच बरं असं ठरवलं, हे कर यांनी स्वतः राजवाड्याला लिहिलं. ती पत्रं २०२० मध्ये खुली झाली.

राजा राजकारणाच्या वर असतो म्हणून देश स्थिर राहतो, असं त्याचे समर्थक म्हणतात. वर आहे हे खरं, पण पेच पडला तेव्हा त्याचा उपयोग काय झाला?

मग १९९९ मध्ये प्रजासत्ताकावर झालेल्या सार्वमतात जवळपास ५५ टक्के लोक 'नाही' का म्हणाले? सगळेच राणीचे भक्त नव्हते. त्या मसुद्यात राष्ट्राध्यक्ष संसद दोन तृतीयांश मतांनी नेमणार होती. थेट निवडणूक हवी असणारे कित्येक प्रजासत्ताकवादीच त्याविरुद्ध गेले. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या मसुद्यात पंतप्रधान एका सहीनिशी राष्ट्राध्यक्षाला काढू शकत होता. म्हणजे १९७५ ची शर्यत तशीच राहिली असती. आपल्या राष्ट्रपतींना महाभियोगाशिवाय हटवता येत नाही, तसं काहीतरी इथे हवं.

राष्ट्रकुल सोडावं लागेल ही भीती मात्र बिनबुडाची. भारत १९५० मध्ये प्रजासत्ताक झाला आणि राष्ट्रकुलात राहिला.

इथे घटनादुरुस्तीला देशभराचं बहुमत लागतं आणि सहापैकी किमान चार राज्यांचंही, त्यामुळे घाई करून पुन्हा हरणं परवडणारं नाही. मतपत्रिकेवर इथे खूण करत नाहीत, स्वतःच्या हाताने 'हो' किंवा 'नाही' लिहितात. राष्ट्राध्यक्षाला कोण आणि कसं काढणार हे मसुद्यात नीट लिहिलेलं असेल, तर मी 'हो' लिहीन.