कठडा कधी सोडायचा?

"मुलाच्या शाळेची स्केटिंगची सहल आतापासूनच डोळ्यांपुढे उभी राहते आणि झोप उडते. माझे वय छत्तीस आहे. या वयात बर्फावर चालायला शिकता येते का, आणि शिकायचे तर आधी ही भीती कशी घालवायची?" हा प्रश्न घेऊन एक ताई श्रावणात माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, जळगावला आल्या. त्या मूळच्या अमळनेर तालुक्यातल्या, काही वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलेल्या आणि आता पतीच्या नोकरीमुळे कॅनडात ओटावाला राहणाऱ्या. तिकडच्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असल्याने सासरच्या कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे खान्देशातल्या श्रावणातल्या कुलदेवीच्या उत्सवासाठी, त्या मुलाला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, हा अनुभव मांडत आहे. खान्देशातली पुष्कळ मुले-मुली आता बर्फाच्या देशांत संसार थाटून आहेत, त्यामुळे हा प्रश्न पूर्वीइतका परका राहिलेला नाही. शिवाय हीच भीती पोहणे, दुचाकी किंवा उंच जिना यांचे निमित्त करून माझ्याकडे नेहमी येत असते.

घडलेली गोष्ट अशी होती. मागच्या हिवाळ्यात शाळेने मुलांना बंदिस्त बर्फाच्या मैदानावर नेले, तेव्हा मदतीला गेलेल्या पालकांत या ताई होत्या. बाकावर बसून त्यांनी पाच-सहा मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या आणि मग मुलाच्या आग्रहाखातर स्वतःही तळाला धातूचे पाते असलेले भाड्याचे बूट चढवले. बूट सैल होते, घोटे आतल्या बाजूला कलत होते, दोन्ही हातांनी कठडा धरून त्या कशाबशा पुढे सरकल्या आणि पात्याच्या टोकाला असलेले दाते बर्फात रुतून तोंडघशी पडल्या. दोन शाळकरी मुलींनी त्यांना उठवले. मुलासमोर त्या हसल्या, परंतु घरी परतताना गाडीत त्यांना रडू आवरले नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी काही ना काही कारण काढून त्यांनी बर्फ टाळला, आणि टाळल्यानंतर जो सुटकेचा निःश्वास पडे, त्यानेच भीती दर वेळी थोडी अधिक घट्ट होत गेली. टाळण्याचा हा गुणधर्म समुपदेशनात फार महत्त्वाचा मानला जातो, कारण टाळलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले असते हे मनाला कधी कळतच नाही आणि ते सर्वांत वाईट तेच गृहीत धरून बसते.

पहिल्या भेटीत मी त्यांना भीती घालवण्याविषयी काहीच सांगितले नाही. "नेमके काय होईल असे वाटते?" एवढेच विचारले आणि येतील ती उत्तरे लिहून काढायला लावली. हात मोडेल; पडल्यावर उठताच येणार नाही; मागून येणारा कोणी अंगावर आदळेल; मुलाला माझी लाज वाटेल; सगळे माझ्याकडे बघतील. पहिल्या वाक्यापाशी त्या थबकल्या, तेव्हा समजले की त्यांच्या आई साठी ओलांडल्यावर मोरीत पाय घसरून पडल्या होत्या आणि मनगट मोडून काही आठवडे प्लास्टरमध्ये होत्या. त्या काळात स्वयंपाकापासून वेणीफणीपर्यंत सगळे याच ताईंनी केले होते. पडणे म्हणजे परावलंबन, असे समीकरण त्यांच्या मनात तेव्हापासून पक्के झालेले दिसले. त्याखाली आणखी एक जुना थर होता. शेतातल्या विहिरीत भाऊ पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकले आणि या काठावर कपडे सांभाळत बसल्या. आपल्याकडे मुलीला "पडशील" हा शब्द मुलापेक्षा कितीतरी अधिक वेळा ऐकावा लागतो, आणि पडून पुन्हा उठण्याचा सराव ज्या वयात सहज होतो त्याच वयात तो तिच्याकडून काढून घेतला जातो, असे माझे मत इतक्या वर्षांच्या कामानंतर बनले आहे. म्हणून अशा स्त्रीला "तू घाबरट आहेस" असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

ही यादी आम्ही दोन भागांत वाटली. इजेची भीती खरी होती, तिला उपाय हवा होता. लोकांची भीती फुगलेली होती, तिला पडताळणी हवी होती. दोन्हींना एकच औषध देऊन "काही होत नाही" असे म्हणणारे नातेवाईक प्रेमापोटीच तसे म्हणतात, परंतु त्यामुळे खऱ्या धोक्याची तयारी राहून जाते आणि माणूस आपले म्हणणे कोणी ऐकत नाही अशा समजुतीने आणखी आक्रसतो.

इजेविषयी सांगायचे तर, पडताना आधारासाठी हात पुढे टाकला की शरीराचा सगळा भार ताठ मनगटावर येतो आणि तिथले हाड मोडते. आईंचेही तसेच झाले होते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे अधिक ठिसूळ होत असल्याने त्यांना हा धोका जास्त असतो. छत्तिसाव्या वर्षी, इतर आजार नसताना, तो तुलनेने कमी असतो, पण नसतोच असे नाही. त्यामुळे मनगटाचे संरक्षक पट्टे, हेल्मेट आणि हातमोजे हे भित्रेपणाचे लक्षण न मानता नियम म्हणून स्वीकारायचे ठरले. पडण्याचीही एक रीत आहे. तोल जातो आहे असे वाटताच गुडघे वाकवून खाली बसत जायचे, एका बाजूला कुल्ल्यावर कलायचे, हनुवटी छातीशी आणायची म्हणजे डोके मागे आपटत नाही, आणि बोटे मिटून हात पोटाशी घ्यायचे म्हणजे ती कोणाच्या पात्याखाली सापडत नाहीत. उठताना आधी गुडघे आणि तळहात टेकून ओणवे व्हायचे, एक पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये आणायचे, त्या गुडघ्यावर हात रेटून उभे राहायचे. हे सर्व त्यांनी माहेरच्या ओसरीवर जाड गाद्या टाकून, मुलाला सोबत घेऊन केले. ज्यांचे मनगट मोडले होते त्या आईच शेवटी "पडनी ते पडनी, काय व्हई जाई?" (पडली तर पडली, काय होईल?) असे अहिराणीत म्हणाल्या, आणि माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा त्या एका वाक्याचा परिणाम अधिक झाला, हे मला मान्य केले पाहिजे.

लोकांच्या नजरेविषयी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला शर्ट पाहिला असणार असे त्यांना वाटले, प्रत्यक्षात तो जेमतेम चौथाई लोकांच्या लक्षात आला होता. बर्फाच्या मैदानावर तर प्रत्येक जण स्वतःचा तोल सांभाळण्यात गुंतलेला असतो. तरीही प्रयोग ऐकून लाज जात नाही. म्हणून मी त्यांना परत गेल्यावर एकदा नुसते प्रेक्षक म्हणून बसून पडणाऱ्यांकडे कोण किती वेळ बघते हे पाहायला सांगितले. त्यांनी कळवले की, पडणाऱ्याकडे बहुधा फक्त त्याचे आईवडीलच बघत होते.

आता मुख्य मुद्दा, कठड्याचा. नवशिका माणूस कठडा धरतो यात नवल नाही, परंतु तो दोन प्रकारे नडतो. एक तर त्यावर रेलले की शरीराचा भार पावलांवरून बाजूला जातो आणि पावले विरुद्ध दिशेला घसरतात. म्हणजे ज्याने वाचायचे त्यानेच तोल जातो. दुसरे म्हणजे, फेरी सुखरूप पार पडली तरी तिचे श्रेय मन कठड्याला देते. "धरले होते म्हणून वाचले" असा हिशेब होत राहिला तर शंभर फेऱ्या मारूनही स्वतःच्या पायांवरचा विश्वास रुपयाभरही वाढत नाही. चिंतेवरच्या उपचारात अशा आधारांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. गर्दीत कायम नवऱ्याचा हात धरून चालणे किंवा लिफ्टमध्ये फोनवर कोणाशी तरी बोलत राहणे हीही त्याचीच उदाहरणे. मात्र कठडा पहिल्याच दिवशी झिडकारावा असे मी कधीही सांगत नाही. दोन्ही हातांनी धरणे, एका हाताने धरणे, नुसते बोट टेकवणे, हातभर अंतर ठेवून जवळून जाणे, अशा उतरंडीने तो सोडायचा असतो, आणि कोणत्या दिवशी कितव्या पायरीवर राहायचे हे आधी घरी ठरवायचे असते, कारण बर्फावर उभे राहून निर्णय घेऊ लागले की निर्णय भीतीच घेते.

पायरी मोजण्यासाठी 0 ते 100 असे भीतीचे गुण द्यायची पद्धत आहे; जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी ती रूढ केली. बाकावर बूट घालून बसणे 20, रबरी चटईवर चालणे 35, दारातून बर्फावर पाऊल टाकणे 60, कठड्यापासून दूर मुद्दाम पडून उठणे 90, असे ताईंचे आकडे होते. गुण सर्वाधिक असताना पळ काढायचा नाही, ते थोडे उतरेपर्यंत तिथेच थांबायचे, असा एक नियम. दुसरा नियम मला अधिक मोलाचा वाटतो: जाण्यापूर्वी "आज काय होईल" ते कागदावर लिहायचे आणि आल्यावर त्यापुढे "काय झाले" ते लिहायचे. भीती कमी झाली की नाही यापेक्षा भाकीत खोटे ठरले की नाही हे मनाला अधिक शिकवते, असे अलीकडचे संशोधनही सुचवते. "पडल्यावर उठताच येणार नाही" या त्यांच्या भाकितापुढे पुढे "उठले, पण गुडघा ओला झाला" अशी नोंद आली.

समुपदेशकाने स्केटिंग शिकवू नये. ते प्रशिक्षकाचे काम आहे आणि ताईंनी तिकडे प्रौढ नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. तरीही यंत्रणा समजली की भीतीला धरायला जागा कमी उरते, आणि विज्ञानाच्या शिक्षिकेच्या बाबतीत तर हे विशेष खरे होते. दाबाने बर्फ वितळते म्हणून पाते सरकते, असे त्या वर्गात सांगत आल्या होत्या. परंतु कडाक्याच्या थंडीतही स्केटिंग करता येते आणि त्याचा उलगडा केवळ दाबाने होत नाही; बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरेडे यांनी 1850 च्या सुमारास मांडली होती. यापेक्षा उपयोगी ठरली ती पात्याची रचना. पात्याचा तळ मध्ये किंचित खोलगट असतो आणि त्याला आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. पाते लांबीच्या दिशेने सरकते, पण आडव्या दिशेने या कडा बर्फात रुततात. म्हणून जमिनीवरच्यासारखे पाऊल मागे ढकलून चालता येत नाही; पाऊल जरा बाहेर वळवून आतल्या कडेने बाजूला रेटावे लागते. "म्हणजे बर्फ सगळीकडून निसरडा नाही," असे त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले दिसले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. बूट टाच न उचलली जाईल इतके घट्ट हवेत आणि नाड्या घोट्यापाशी सर्वांत करकचून बांधलेल्या हव्यात. अनेकांचे "माझे घोटेच कमकुवत आहेत" हे म्हणणे सैल बुटांपाशी संपते. टोकाला दाते असलेले बूट वापरायचे असतील तर त्या दात्यांनी रेटा द्यायचा नाही. गुडघे वाकलेले, हात कमरेच्या उंचीवर समोर, आणि नजर पावलांवर नव्हे, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. नजरेची ही सूचना मी आग्रहाने देते, कारण घाबरलेला माणूस स्वतःच्या अवयवांवर पहारा ठेवतो आणि त्याने हालचाल अधिक ताठर होते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्कीइंगच्या सराव-यंत्रावर स्वतःच्या पावलांऐवजी खालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचे शिकणे सरस ठरले होते. ताईंच्या पतीला मी व्हिडिओ कॉलवर एकच विनंती केली, की हात धरून ओढू नये आणि मागितल्याशिवाय सूचना देऊ नये. त्यांना ती बरीच जड गेली.

डिसेंबरात भाकीत आणि नोंदींचे कागद मला फोटोने येत राहिले. एका आठवड्यात मुलाच्या वर्गातल्या एका आईने त्यांना "अजून कठड्यालाच?" असे हसत विचारले आणि त्यानंतर त्या दोन आठवडे गेल्याच नाहीत. तेव्हा आम्ही पायरी खाली आणली, पुन्हा बोट टेकवण्यापासून सुरुवात केली. सहलीच्या दिवशी त्या मुलासोबत पूर्ण फेरी मारून आल्या. कठड्यापासून हातभर अंतरावर, एकदा पडून. त्या दिवशीचे गुण 45 होते. ते शून्यावर यायला हवेत का, असे त्यांनी विचारले. नको, असे मी सांगितले. 45 गुणांची भीती घेऊन फेरी मारता येते हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले होते.

ज्यांना पूर्वी डोक्याला मार लागला आहे, चक्कर येते, फिट येतात, हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी मात्र पायऱ्यांची यादी करण्याआधी डॉक्टरांना भेटावे. बर्फाचे नाव काढताच छाती धडधडून श्वास कोंडत असेल आणि तसेच बाजारात, बसमध्येही होत असेल, तर प्रश्न स्केटिंगचा नाही आणि उपचारही वेगळे आहेत.

ताई आता ओटावातल्या रिडो कालव्याविषयी विचारत आहेत. हिवाळ्यात गोठल्यावर त्यावर 7.8 किलोमीटर लांबीचा स्केटिंगचा मार्ग तयार होतो, आणि मुलाला तिथे जायचे आहे. मी त्यांना लिहिले आहे की, तिथला बर्फ यंत्राने गुळगुळीत केलेल्या मैदानासारखा एकसारखा नसतो, त्यात भेगा आणि उंचवटे असतात, आणि मधल्या भागात धरायला कठडाही नसतो. तेव्हा ती नवी पायरी समजून तिचे गुण वेगळे लिहावेत. पहिल्या खेपेस मार्ग खुला असल्याची खात्री करून, सकाळी गर्दी नसताना, प्रवेशाच्या पायऱ्यांपासून दिसेल एवढ्याच अंतरापर्यंत जाऊन परत यावे. 2022-23 च्या हिवाळ्यात थंडी पुरेशी न पडल्याने तो मार्ग उघडलाच नव्हता, त्यामुळे मुलाला तारखेचे वचन आधी देऊ नये, असेही कळवले आहे.