‘गार्ड मीच काढलं होतं’ या ओळीखाली सही नको

प्रश्न : ताई, माझे मिस्टर चाकण एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतात. वय ३५. तिथे पंचवीसेक कामगार आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये रात्रपाळीला प्रेस खाली आला आणि त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. पगार २२,५०० रुपये, पण तो ठेकेदाराच्या खात्यातून येतो. नेमणुकीचं पत्र नाही. दवाखान्याचं ६८,००० चं बिल मालकांनी भरलं. आता म्हणतात, वर ५०,००० देतो, स्टॅम्प पेपरवर सही करा. त्यात लिहिलंय, ‘मशीनचं गार्ड मी स्वतः काढलं होतं, अपघात माझ्या चुकीने झाला, यापुढे माझी काही मागणी नाही.’ खरं तर नवी डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवताना सुपरवायझरनेच गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेला आडोसा, काढायला लावलं होतं. दवाखान्याच्या कागदावर ‘घरी काम करताना इजा’ असं आहे. मिस्टर म्हणतात, सही करू आणि नांदेडला गावी जाऊ. काय करावं?
— एक भगिनी, चाकण

उत्तर : ताई, सही होऊ देऊ नका. मालकांनी सोमवारची मुदत दिली असो नाहीतर उद्याची, त्या मुदतीला कायद्यात काही किंमत नाही.

‘यापुढे मागणी नाही’ या शेवटच्या ओळीची मला फारशी काळजी वाटत नाही. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. घातक आहे ती पहिली ओळ. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर कामगाराची चूक दाखवून मालकाला सुटता येत नाही. पण दोन बोटं जाणं हे कायद्याच्या लेखी अंशतः अपंगत्व. तिथे कलम ३ मालकाला वाट ठेवतं. कामगार दारूच्या नशेत होता, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्याने मुद्दाम मोडला किंवा बसवलेलं गार्ड जाणूनबुजून काढलं आणि त्यामुळेच अपघात झाला, हे मालकाने सिद्ध केलं तर त्याची जबाबदारी संपते. सिद्ध मालकाने करायचं असतं. तुमच्या मिस्टरांनी सही केली की ते काम आयतंच होऊन जाईल. ही ओळ सहज लिहिली गेली असेल, असं मला वाटत नाही.

गार्ड का निघतं, हे प्रेस शॉपच्या केसेसमध्ये मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. डाय मोठी असते, गार्ड आडवं येतं. किंवा तासाचे पीस कमी पडतात. प्रेसला दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं असतात, ती एवढ्याचसाठी की स्ट्रोक खाली येताना एकही हात आत राहू नये. मग त्यातलं एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात, नाहीतर पायाचं पेडल जोडतात. एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो, आणि तोच डायखाली सापडतो. अपघाताच्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं कलम २१ सांगत होतं की यंत्राचा धोकादायक भाग भक्कम आडोशाने झाकलेला हवा आणि यंत्र चालू असताना तो आडोसा जागेवर हवा. ही जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची. सुपरवायझरने सांगून गार्ड काढलं असेल, तर ते कामगाराने स्वतःहून काढलं असं म्हणताच येत नाही. त्या पाळीत अजून कोण होतं, त्यांची नावं आजच लिहून ठेवा.

आता रकमेचं. या कायद्यात भरपाई अंदाजाने ठरत नाही, तिचा हिशोब असतो. पगार १५,००० पेक्षा कितीही जास्त असला तरी हिशोबाला महिना १५,००० च धरतात. ही मर्यादा २०२० मधली आहे आणि ती आज अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. त्याला ३५ वर्षे वयाचा गुणांक १९७.०६ ने गुणायचं, येतात १७,७३,५४०. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टाप्रमाणे कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरतात. म्हणजे ३,५४,७०८ रुपये. यातून दवाखान्याचं बिल वजा होत नाही. कामावर झालेल्या इजेचा उपचार मालकाच्याच खर्चाने व्हायचा असतो आणि तो पैसा भरपाईत मोजायचा नाही, असं कलम ४ मध्येच आहे. महिनाभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, म्हणजे तुमच्या बाबतीत महिन्याला साडेतीन हजारांवर. उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही, तोही तुम्हालाच मिळतो.

याहून जास्त मिळेल का? सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेल्यावर त्याचं अपंगत्व शंभर टक्के मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तुमच्या मिस्टरांना दुसरं काम जमू शकतं, त्यामुळे शंभर टक्क्यांची आशा मी दाखवणार नाही. पण प्रेसचं काम आता जमत नाही, असा डॉक्टरांचा दाखला जरूर घ्या.

एक गोष्ट आधी तपासा. २२,५०० मध्ये ओव्हरटाइम धरलाय का? तो वगळून पगार २१,००० किंवा कमी असेल, तर ते ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, यायला हवे होते. मग वरचा हिशोब बाजूला राहतो आणि अपंगत्वाच्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम ईएसआयकडून मिळते. मालकाने वर्गणी भरली नसेल तरी तुमचा हक्क जात नाही. भरपाई द्यायची आणि मालकाकडून वसूल करायची, हे ईएसआयचं काम.

ठेकेदाराचा मुद्दा मालक नक्की काढतील. काढू द्या. कामगार ठेक्यावरचा असला तरी, काम मालकाच्या जागेत आणि त्याच्याच धंद्याचं असेल तर कलम १२ प्रमाणे भरपाई थेट मालकाकडे मागता येते. नेमणुकीचं पत्र नसलं तरी पासबुकातल्या नोंदी, गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज चालतात.

मला खरी काळजी दवाखान्याच्या कागदाची आहे. ‘घरी इजा’ हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा जखमी माणूस वेदनेत असतो आणि सोबत आलेला कंपनीचा माणूस माहिती देतो. केसपेपरची पूर्ण प्रत मागा, दाखल होतानाची वेळ आणि कुणी आणलं ते बघा. रात्री अडीचला कंपनीच्या गाडीतून आलेला माणूस घरी काम करत होता, हे कुणाला पटेल? खरी हकिगत लिहून डॉक्टरांना अर्ज द्या, पोचेची सही घ्या. मालकालाही अपघाताची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा.

गावी जायचं असेल तर खुशाल जा. राहत्या ठिकाणच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडेही दावा दाखल करता येतो. आपल्याकडे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम बघतात. मुदत अपघातापासून दोन वर्षे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, म्हणून जुना दावा संपला असं कुणी सांगितलं तर मानू नका. हक्क अपघाताच्या दिवशीच निर्माण झालाय. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. भरपाईत टक्केवारी मागणाऱ्यांपासून लांब राहा. आणि तडजोडच करायची झाली, तर ती आयुक्तांकडे नोंदवा. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात.

शेवटचं, त्या प्रेसबद्दल. ४८ तासांहून जास्त काम बंद पडेल अशी इजा झाली तर ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं मालकावर बंधनकारक होतं. कळवलं का, हे अर्ज करून विचारा आणि गार्डशिवाय प्रेस चालतो अशी तक्रारही द्या. तक्रार कुणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं असतं, त्यामुळे आज त्या मशीनवर बसणारा कामगारही ती देऊ शकतो.