माळ्यावरचा व्हिडिओ गेम: फुंकू नका, आधी ॲडॅप्टर बघा

जुन्या नाशकातला वाडा रिकामा करताना तुम्हाला माळ्यावर व्हिडिओ गेम सापडला, दोन रिमोट, बंदूक आणि चार कॅसेटींसकट. आता तो नव्या टीव्हीला लावून पोरांना मारिओ आणि बंदुकीनं बदकं टिपायचा खेळ दाखवायचा आहे, कॅसेट फुंकूनही चित्र येत नाही, असं तुम्ही माळ्याचा फोटो टाकून विचारलंय. दहीपुलाजवळच्या आमच्या वाड्यात असाच एक होता आणि तो मी स्वतःच्या हातानं जाळलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे, तुमच्याकडे आहे ती बहुतेक नक्कल. मूळ यंत्र निन्टेन्डोचं, 1983 साली जपानात आलेलं फॅमिकॉम, मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेलं. आपल्याकडे घरोघरी आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. कॅसेटीला 60 पिना असतील तर ती जपानी घराण्यातली. अमेरिकेतल्या यंत्राच्या कॅसेटीला 72, त्यामुळे तिकडच्या मामानं पाठवलेली कॅसेट आपल्या खाचेत बसायचीच नाही. बऱ्याच नकलांत आत सगळं काम एकाच काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली दडवलेलं असतं. तो ठिपका गेला की यंत्र गेलं, दुरुस्ती नाही. बाकी जवळजवळ सगळं सुधारता येतं.

आता ॲडॅप्टर. माळ्यावर सापडलेला कुठलाही ॲडॅप्टर पिन बसते म्हणून खुपसू नका. मी नेमकं तेच केलं होतं. आजी गंगेवर (म्हणजे गोदावरीकाठी) बुधवारच्या बाजाराला गेलेली, मोठं कुणी घरात नव्हतं, आणि रेडिओचा ॲडॅप्टर बसला म्हणून लावला. टीव्हीवर चित्र आलं नाही, वास मात्र आला. बऱ्याच यंत्रांत पिनेच्या मधल्या भागाला ऋण लागतं, रेडिओच्या ॲडॅप्टरला तिथे धन असू शकतं. यंत्राच्या पाठीवर छोटी आकृती असते ती बघा, मल्टिमीटरनं ॲडॅप्टर तपासा आणि दोन्ही जुळलं तरच लावा. जुना जड ॲडॅप्टर 9 व्होल्टचा असूनही मोकळा मोजल्यावर जास्त दाखवतो, त्याला घाबरू नका. यंत्राच्या आतला रेग्युलेटर ते 5 व्होल्टवर आणतो.

फुंकण्याबद्दल. आपण सगळ्यांनी फुंकलं आणि चाललंही, म्हणून श्रद्धा बसली. खरा गुण कॅसेट काढून पुन्हा बसवण्यात होता, कारण घासून पिना जुळायच्या. फुंकरीतली वाफ उलट पिना गंजवते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घ्या, पिना पुसा, पूर्ण वाळू द्या. फार काळवंडल्या असतील तर पांढरा खोडरबर हलक्या हातानं. रिमोटचं बटण दाबूनही ऐकत नसेल तर उघडून रबराखालचे काळे ठिपके पुसा. तेवढ्यानं भागलं नाही तर वायर मानेपाशी तुटलेली असते.

टीव्हीला पिवळी पिन लागत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर एव्ही टू एचडीएमआय (पिवळ्या पिनेतलं चित्र टीव्हीच्या नव्या खाचेत नेणारा) असा डबा मिळतो. दुकानात दिशा नीट सांगा, कारण एचडीएमआय टू एव्ही हुबेहूब तसाच दिसतो आणि उपयोगाचा नसतो. तुमच्या यंत्राला फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत ॲनालॉग चॅनेल शोधायला लावा.

बंदुकीची मात्र आशा सोडा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. आधीचा काळा क्षण असतो म्हणून बल्बवर नेम धरून फसवता येत नाही (आम्ही करून पाहिलंय). जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे त्याच क्षणी घडतं. एलईडी टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर यंत्रानं 'नेम चुकला' असं ठरवलेलं असतं. एखाद्या भंगारवाल्याकडे ट्यूबचा टीव्ही मिळाला तर बंदुकीसाठी तो खरंच घ्या.

मारिओचा 1985 चा खेळ अवघा 40 किलोबाइटचा आहे. तुम्ही टाकलेला माळ्याचा फोटोसुद्धा त्यापेक्षा मोठा असेल. जागा एवढी कमी म्हणून खेळातले ढग आणि झुडपं एकाच आकृतीची आहेत, फक्त रंग वेगळा. आणि गर्दी झाली की चित्रं लुकलुकायची, ते आई म्हणायची तसं 'टीव्ही तापला' म्हणून नव्हे. एका आडव्या ओळीत हलणारे 8 तुकडेच हे यंत्र दाखवू शकतं, म्हणून खेळ त्यांना आळीपाळीनं दाखवतो.

कॅसेटीवर '9999999 इन 1' लिहिलेलं असेल तर त्यात दहा-वीस खेळ असतील, तेच पुढच्या स्टेजपासून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा हा गोळीबाराचा खेळ निघालाच तर सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि स्टार्ट. 30 लाइफ मिळतील.

आधी यंत्राच्या पाठीचा आणि ॲडॅप्टरच्या लेबलाचा फोटो टाका. तोवर प्लग लावू नका.