दुकानाचं तोंड कोणत्या रस्त्याला?

प्रश्न : लातूरला शहराच्या मधोमध एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये आमचं शिलाई साहित्याचं दुकान आहे, सासऱ्यांनी थाटलेलं. आता ते सगळं पाडून मॉल बांधायचं चाललंय आणि गाळेधारकांची संमती मागताहेत. मुलगा अमेरिकेत रॉचेस्टरला असतो. त्यानं तिथली एक जागा दाखवली आणि म्हणाला, "आई, अमेरिकेत भर शहरात बांधलेला पहिला बंदिस्त मॉल इथं होता, पाडला." तो का पाडला? आणि आम्ही सही करावी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सहीचं आधी सांगतो. तुमच्या नव्या गाळ्याचं तोंड कोणत्या रस्त्याला राहील, हे नकाशावर दाखवल्याशिवाय सही करू नका.

मुलानं दाखवली ती मिडटाउन प्लाझाची जागा. हा मॉल १९६२ साली उघडला. वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन, मूळचे व्हिएन्नाचे. नाझींमुळे १९३८ साली देश सोडावा लागला. मिनियापोलिसजवळचा साउथडेल हा १९५६ सालचा बंदिस्त मॉलही त्यांचाच. तिथं मॉलभोवती घरं, शाळा, बाग, तळं असावं असा त्यांचा आराखडा होता. प्रत्यक्षात झाली दुकानं आणि गाड्यांचा तळ. रॉचेस्टरला मात्र मॅककर्डी आणि फॉर्मन या दोन मोठ्या दुकानांच्या मालकांनी एकत्र येऊन गावाच्या पोटातच मॉल उभा केला. खाली पार्किंग, वर कार्यालयांचा मनोरा, आतल्या चौकात बारा देशांच्या बाहुल्यांचं घड्याळ. नाताळात लहान मुलांसाठी छताजवळून छोटी मोनोरेल फिरायची. लोकांचा जीव होता त्या जागेवर.

तरी तो टिकला नाही. माणसं उपनगरांत राहायला गेली, तिकडेच गाडी लावायला ऐसपैस जागा असलेले मॉल झाले. १९९० च्या दशकात दोन्ही मोठी दुकानं बंद पडली, २००८ मध्ये मॉलला कुलूप लागलं आणि २०१० मध्ये पाडकाम सुरू झालं. मनोऱ्याचा सांगाडा तेवढा ठेवला. त्यात आता घरं आणि कार्यालयं आहेत. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच : साडेआठेक एकरांच्या त्या सलग तुकड्यातून त्यांनी पुन्हा रस्ते काढले.

आपल्या लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे त्या गोल बाजारपेठेत, रस्ते आधीपासूनच आहेत. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आराखडा, मधली दुमजली इमारत १९१७ सालची, आत अंबाबाईचं देऊळ, आणि गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. माझे वडील तिथं एका कापड दुकानात मुनीम होते. लगीनसराईत बस्ता बांधायला खेड्यावरून अख्खं घर यायचं. बायका कापडात रमायच्या, पुरुष तोवर गुळाच्या भावाची चौकशी करून यायचे, जाताजाता कुणी सोनाराकडे डोकवायचं, कुणी चपला घ्यायचं. दुकानाला तीन उंच पायऱ्या होत्या. एका उन्हाळ्यात मालकानं त्या काढून उतार केला. पूर्वी रस्त्यावरूनच भाव विचारणाऱ्या म्हाताऱ्या त्यानंतर गादीवर येऊन बसायला लागल्या. पुढं मी आर्किटेक्ट झालो, चाळीस वर्षं इमारती काढल्या, पण तीन पायऱ्यांनी किती गिऱ्हाईक अडतं हे शिकलो तिथंच.

तुमचं गिऱ्हाईक कोण, ते बघा. हातात ब्लाऊजपीस धरून जुळता दोरा शोधणारी बाई. शिलाई अर्धवट ठेवून हुकाची पाकिटं न्यायला आलेला टेलर. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी ही माणसं सरकत्या जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर येणार नाहीत. "वर मोठा गाळा देतो" असं कुणी म्हणालं, तर तो मोठा गाळा तुम्हाला महागात पडेल. लहान घ्या, पण तळमजल्यावरचा, रस्त्याकडे उघडणारा.

संमतीपत्रावर भागवू नका, नोंदणीकृत करार मागा. त्यात चटई क्षेत्र, मजला, गाळ्याची दिशा, काम चालू असतानाची पर्यायी जागा किंवा तिचं भाडं आणि ताब्याची तारीख हवी. महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्पाची नोंदणी आहे का तेही बघा. सही करण्याआधी करार एखाद्या वकिलाला वाचायला द्या. आणि सगळ्या गाळेधारकांनी मिळून एक मागणी लावून धरा : आज कॉम्प्लेक्समधून जी बोळ आरपार जाते, ती नव्या इमारतीतही आरपार जावी, रात्री कुलूप न लागता.

नकाशाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कोणते रस्ते बंद होताहेत ते मी लाल पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवतो.