कनोसापाशीच थांबू नका
मध्ययुगीन युरोपातील राजसत्ता आणि चर्च यांच्या संघर्षाचा अभ्यास नव्याने सुरू करत असाल, तर जानेवारी १०७७मध्ये इटलीतील कनोसाच्या किल्ल्याबाहेर पोपच्या क्षमेसाठी तीन दिवस अनवाणी ताटकळलेल्या जर्मन राजा चौथ्या हेन्रीच्या प्रसंगावर फार भाळू नका. १०८४मध्ये त्यानेच रोम घेतले आणि तेच पोप, सातवे ग्रेगरी, पुढच्या वर्षी सालेर्नोत परागंदा अवस्थेत वारले. भांडण बिशप कोणी नेमायचे याचे होते, म्हणून आधी बिशपांच्या जमिनी पाहा. बिशपाला औरस वारस नसल्याने जहागीर वंशपरंपरेने जात नसे, राजाला मर्जीतला माणूस नेमता येई, शिवाय सैन्यही मिळे. असा हक्क कोण सुखासुखी सोडेल? मग सम्राट आणि पोप यांच्यातला ११२२चा वर्म्सचा करार वाचा. बिशपाला अंगठी व धर्मदंड ही धार्मिक पदाची चिन्हे देण्याचा अधिकार सम्राटाने सोडला, पण जर्मनीत बिशपांची निवड त्याच्या उपस्थितीत व्हायची, हे कलम नजरेआड करू नका.