पॅडी की एसएसआय? कार्डाआधी नोकरीच्या जाहिराती वाचा

तुम्ही स्कूबा डायव्हिंगमध्ये डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी) आहात, इन्स्ट्रक्टर होऊन परदेशात नोकरी धरायची आहे आणि प्रशिक्षण देऊन कार्ड देणाऱ्या दोन एजन्सींपैकी पॅडी (PADI) घ्यावं की एसएसआय (SSI) यावर लोकांची जुंपलेली पाहून गोंधळलात. भांडणाऱ्यांतले बरेचजण स्वतःच्याच दुकानाची बाजू मांडतायत. केंद्र ज्या एजन्सीशी जोडलेलं, तीच उत्तम, असा हा हिशेब.

विद्यार्थ्याच्या कार्डात फरक जवळपास नाही. दोन्हींचं ओपन वॉटर, म्हणजे नवशिक्याचा पहिला कोर्स, आयएसओ 24801-2 या आंतरराष्ट्रीय मानकात बसतं, मर्यादा 18 मीटर, आणि एकाचं कार्ड दुसरा सहज मानतो.

खरा फरक इन्स्ट्रक्टरला जाणवतो. पॅडीचं सभासदत्व तुमच्या नावावर असतं; केंद्र सोडलं तरी शिकवण्याचा हक्क तुमच्याजवळ राहतो. एसएसआयमध्ये शिकवायचं तर त्यांच्या एखाद्या केंद्राशी संलग्न असावं लागतं. म्हणजे हंगामाच्या मध्यावर मालकाशी बिनसलं, तर नवं केंद्र मिळेपर्यंत तुम्ही कोणाला प्रमाणित करू शकत नाही. मालकांना ही पद्धत आवडते, फ्रीलान्स करणाऱ्यांना नाही. (एसएसआय 2014 पासून हेड या क्रीडासाहित्याच्या समूहात आहे आणि मारेस हा डायव्हिंग साहित्याचा ब्रँडही त्याच समूहाचा. एजन्सी आणि साहित्य एकाच घरातलं, हेही ध्यानात असू द्या.)

पॅडीवर नेहमीची टीका म्हणजे चार डाइव्हचं ओपन वॉटर, मग पाच डाइव्हचं अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे नऊ डाइव्हचा माणूस ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. टीका रास्त आहे, पण पाच डाइव्हचा तसाच कोर्स एसएसआयकडेही आहे. तिथे त्याचं नाव अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडव्हेंचरर. त्यांचं अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर वेगळं, त्याला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे छोटे कोर्स) आणि 24 डाइव्ह लागतात. पाहुण्याला खोल किंवा प्रवाहात नेण्याआधी कार्डाच्या नावावर जाऊ नका, लॉगबुक, म्हणजे त्याच्या डाइव्हची नोंदवही, बघा.

दुसरी टीका तुमच्यावरच येणार आहे. पॅडीच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला 100 डाइव्ह आणि प्रमाणित होऊन सहा महिने पुरतात. एकाच शांत खाडीत मारलेले 100 डाइव्ह मालकाला पाहताक्षणी कळतात. म्हणून ‘शून्यापासून इन्स्ट्रक्टर’ची पॅकेजं टाळा, रात्र, प्रवाह, बोट, कमी दृश्यता असे डाइव्ह वाढवा आणि इन्स्ट्रक्टरच्या हाताखाली खरे विद्यार्थी सांभाळा.

आयडीसी (इन्स्ट्रक्टर होण्याचा कोर्स) घेताना एजन्सीपेक्षा तो शिकवणारा कोर्स डायरेक्टर तपासा. त्याचा एक कन्फाइन्ड वॉटर (तलाव किंवा तसंच बंदिस्त, शांत पाणी) वर्ग बघायला मागा. विद्यार्थी तळावर गुडघे टेकून मास्क साफ करतायत की तरंगत? गुडघ्यावर बसवायला कमरेला शिशाचं वजन जास्त बांधतात. मग तोल सांभाळायला बीसीडीत (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) जास्त हवा भरावी लागते, खोली थोडी बदलली तरी ती फुगते किंवा आकसते, पाय खाली लोंबतात आणि वाळू उडते. पॅडीने 2014 च्या नव्या ओपन वॉटर कोर्समध्ये न्यूट्रल ब्युऑयन्सीवर (ना बुडता ना वर येता पाण्यात स्थिर राहणं) भर वाढवला, तरी जुनी सवय अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि ती कोणत्याही एका एजन्सीची मक्तेदारी नाही.

खर्च विचाराल तेव्हा आकडा फोडून लेखी घ्या: आयडीसीची फी, शिकवण्याचं साहित्य, परीक्षेची फी, नोंदणीचा अर्ज, प्रथमोपचार इन्स्ट्रक्टरचा कोर्स, वार्षिक सभासदत्व, दायित्व विमा. परीक्षा आणि अर्जाचे पैसे पॅडीला वेगळे जातात. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुधा त्याआधीच थांबलेला असतो. बारा महिन्यांच्या आतला, डॉक्टरने सही केलेला वैद्यकीय फॉर्मही लागतो.

एजन्सीचं कार्ड म्हणजे कामाचा परवाना नव्हे, इथे फार जण फसतात. फ्रान्समध्ये पैसे घेऊन शिकवायला सरकारी डिप्लोमा लागतो. ब्रिटनमध्ये पगारी इन्स्ट्रक्टर 1997 च्या डायव्हिंग अ‍ॅट वर्क नियमांखाली येतो आणि त्याला एचएसई या कामाच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेने मान्यता दिलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं. तिथल्या क्लबांत बीसॅक (BSAC) ही ब्रिटिश एजन्सी चालते, पण क्लबातलं शिकवणं मुख्यतः स्वयंसेवी. त्यावर पोट भरणार नाही. व्हिसाबद्दल केंद्राला थेट विचारा: वर्क परमिट कोण काढणार, खर्च कोणाचा, आणि परमिट येईपर्यंत मला पाण्यात उतरवणार का? शेवटच्याला ‘हो’ आलं तर ती नोकरी सोडून द्या.

तेव्हा क्रम असा ठेवा: देश ठरवा, तिथल्या जाहिराती वाचा, त्यांत एजन्सी कोणती आणि भाषा कोणत्या मागतात ते टिपा. भाषेमुळे नोकऱ्या जास्त अडतात. बहुसंख्य केंद्रांना जी एजन्सी हवी तीच आधी घ्या. दुसरीचा क्रॉसओव्हर (एका एजन्सीच्या इन्स्ट्रक्टरने दुसरीत जाण्याचा कोर्स) नंतर करता येतो आणि तो पूर्ण कोर्सपेक्षा छोटा असतो. मात्र दोन्हीकडे शिकवत राहायचं तर दरवर्षी दोन नूतनीकरणं भरावी लागतील.