कंपनीच्या खर्चाने पाहिलेले देश

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नऊ वर्षांच्या नोकरीत कंपनीने चार देश दाखवले: सिंगापूरला सलग दोन महिने, जर्मनीत तीन-तीन आठवड्यांच्या दोन फेऱ्या, जपानला दहा दिवस आणि दुबईत एक प्रदर्शन. आता बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कायमचं बाहेर पडायचंय. "चारही देश पाहिलेले आहेत, फक्त क्रम लावून द्या" असं तुम्ही लिहिलंय. सिंगापूर पहिलं, हे तुमच्या मनात जवळपास ठरलेलं दिसतंय.

क्रम लावून देत नाही, कारण "पाहिलेले आहेत" इथेच माझं अडतं. पॅकिंगची मशिनं बसवायच्या कामावर मी तेरा वर्षं फिरलो. दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या गावात तर अकरा खेपा झाल्या. गाव मला पाठ आहे असं मी छातीठोकपणे सांगायचो. बाराव्या खेपेला बिऱ्हाड घेऊन गेलो, आणि आपल्याला तिथला फक्त हॉटेल ते फॅक्टरी हा रस्ता माहीत होता हे पहिल्या पंधरवड्यातच कळलं.

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाई मला नावाने हाक मारायच्या. तिसऱ्या मजल्यावरची, अंगणाकडची खोली न सांगता मिळायची. बाराव्या खेपेला त्याच हॉटेलसमोरच्या नगरपालिकेच्या कार्यालयात मी नंबराची चिठ्ठी घेऊन बसलो होतो. जर्मनीत राहायला गेलात की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, आणि तिला घरमालकाने सही केलेला कागद लागतो. नोंदणी झाली की करक्रमांक पोस्टाने येतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. माझा घरमालक सुट्टीवर होता, त्यामुळे कागद नव्हता. खिडकीपलीकडचा माणूस अजिबात उद्धट नव्हता. कागद नाही म्हटल्यावर त्याने फक्त पुढचा नंबर पुकारला. अकरा खेपांत त्या गावात मला कोणी "नाही" म्हटलेलं आठवत नाही, कारण नाही म्हणण्यासारखं मी काही मागितलंच नव्हतं. तिकीट ट्रॅव्हल डेस्कने काढलेलं, स्टेशनवर न्यायला क्लायंटची गाडी, अडलं तर फोन करायला प्रोजेक्ट मॅनेजर.

घराचंही सांगतो, कारण तुम्ही तिकडे दोन्ही वेळा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहिलात. आम्हाला मिळालेल्या घरात स्वयंपाकघर म्हणून जी खोली दाखवली, तिच्यात भिंतीतून डोकावणारी पाण्याची दोन टोकं होती आणि छतातून लोंबणाऱ्या तीन वायरी. ओटा नाही, शेगडी नाही, दिवासुद्धा नाही. आधीचा भाडेकरू सिंक उचकटून घेऊन गेला होता, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण सिंक त्याचंच होतं. तिथे बरीच घरं अशीच रिकामी मिळतात. नवं किचन यायला पाच आठवडे लागले. तोवर आम्ही एका इंडक्शन शेगडीवर भागवलं आणि भांडी बाथटबमध्ये घासली. बायको त्यावर आज हसते, तेव्हा हसत नव्हती. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. हे मला सगळे पैसे एकदम भरून झाल्यावर कळलं.

आता मुख्य मुद्दा. चारही देश तुम्ही एकट्याने पाहिलेत आणि जाणार आहात तिघं. तुमच्या पत्रात बायकोबद्दल एकच वाक्य आहे: "तीही नोकरी करते, तिकडे बघेल काहीतरी." हे बघणं तिच्या हातात कितपत राहील ते देशागणिक बदलतं, आणि कामाच्या फेरीत ते दिसायचं काही कारणच नसतं.

सिंगापूर घ्या. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे परदेशी व्यावसायिकांच्या नोकरीच्या परवान्यावर जाल, पगार ठरलेल्या मर्यादेवर असेल तर बायको-मुलीला डिपेंडंट पास (कुटुंबीयांचा परवाना) मिळेल. पण मे 2021 पासून त्या पासवर नोकरी करायची सोय बंद आहे. बायकोला स्वतःचा वर्क पास मिळवून देणारी कंपनी शोधावी लागेल. तुमच्या पासलाही सप्टेंबर 2023 पासून पगाराच्या अटीबरोबर गुणांची चाळण लागली आहे. मुलीच्या शाळेत आधी नागरिकांची मुलं, मग पीआरवाल्यांची (पीआर म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना), उरलेल्या जागा इतर परदेशी मुलांना. जागा नाही मिळाली तर इंटरनॅशनल स्कूल, आणि तिची फी ऑफर लेटरशेजारी ठेवून बघा. कर कमी आहे हे खरं, सर्वात वरचा दर 24 टक्के. पण सीपीएफ, म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, नागरिक आणि पीआर यांनाच लागू आहे, त्यामुळे पासवर असेपर्यंत कंपनीकडून तुमच्या म्हातारपणासाठी तिकडे काही जमा होत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोक आधी विचारतात. आईवडिलांबरोबर पीआर मिळालेल्या मुलग्यांना तिथे दोन वर्षांची लष्करी सेवा करावी लागते. तुम्हाला मुलगी आहे, पण दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हे आत्ताच घरात बोलून घ्या.

सिंगापूर वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगी विमानतळावर उतरल्यावर मलाही दर वेळी बरं वाटायचं. पण तुमचे दोन महिने शहराच्या मध्यात, कंपनीच्या फ्लॅटमध्ये गेले. तो फ्लॅट स्वतःच्या पगारातून घ्यायचा झाला तर आवड तेवढीच राहते का, हे आधी कागदावर मांडा.

जपानबद्दल माझं मन जरा हळवं आहे. नागोयाजवळच्या एका फॅक्टरीत ट्रायल संपल्यावर तिथला इंजिनियर मला स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी हलेपर्यंत वाकून उभा राहिला. असा पाहुणचार मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. मात्र त्याच माणसाला मी रात्री नऊला शॉप फ्लोअरवर पाहिलं होतं, सलग आठ दिवस. नोकरीला गेलात तर तुमची जागा त्याच्या शेजारी असेल. भाड्याचं घर घेताना बऱ्याच ठिकाणी "रेइकिन" नावाची रक्कम घरमालकाला द्यावी लागते, एक-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, आणि ती परत मिळत नाही. जामिनाची कंपनी वेगळी, आणि परदेशी भाडेकरू नको म्हणणारे मालकही भेटतात. डिपेंडंट व्हिसावर बायकोला परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं. पीआरला साधारण दहा वर्षं, पण उच्चकुशल लोकांच्या गुणपद्धतीत 70 गुण झाले तर तीन वर्षांत आणि 80 झाले तर एका वर्षात अर्ज करता येतो. तुमचं वय आणि पदवी बघता हे गुण मोजून पाहण्यासारखे आहेत.

दुबईवर फार लिहीत नाही. पैसे साठवायला जायचं असेल तर खुशाल जा. पगारावर प्राप्तिकर नाही. नोकरी सुटताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या आणि त्यापुढे 30 दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. भाडं वर्षाचं, पुढच्या तारखांचे चेक आधीच देऊन. पण व्हिसा नोकरीला टांगलेला, आणि दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसात न बसणाऱ्यांना "कायमचं" हा शब्द तिथे लागू होत नाही. तुमचं प्रदर्शन फेब्रुवारीत होतं. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला तिथे बंदी असते, यावरून उन्हाळ्याचा अंदाज करा.

ऋतूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी स्वीडनला तीनदा गेलो, तिन्ही वेळा जूनमध्ये, कारण क्लायंटचं शटडाउन तेव्हा असायचं. स्टॉकहोमला जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. त्या उजेडाच्या भरात मी तिथे अर्जही केला होता. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी तीनच्या आधी बुडतो, हे एका सहकाऱ्याने सांगितलं आणि मी अर्जाचा पाठपुरावा सोडून दिला. (आता जर्मनीत चार-साडेचारला अंधार होतो तेव्हा तो सहकारी आठवतो. दीड तासासाठी एवढं काय घाबरलो होतो कोण जाणे.)

आता जर्मनी, जिथलं मला खरोखर माहीत आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे पदवीधर कुशल लोकांच्या युरोपीय नोकरी-परवान्यावर गेलात तर बायकोला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. आमचा निर्णय यावरच झाला. सरकारी आरोग्य विम्यात तुमच्या हप्त्यातच मुलगी येते, आणि बायको कमावत नसेल तोवर तीही. कायमच्या वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांत मिळू शकतो, जर्मन भाषेची बी-वन (मध्यम पातळीची) परीक्षा पास झालात तर 21 महिन्यांत. जून 2024 पासून नागरिकत्वाचा अर्ज पाच वर्षांनी करता येतो. तुमच्या सहा आठवड्यांच्या फेऱ्या या हिशोबात शून्य धरा, बिझनेस व्हिसावरचे दिवस वास्तव्यात मोजत नाहीत.

पगाराचा आकडा बघून हुरळू नका. तुम्हाला पर डिएमची, म्हणजे फेरीवरच्या रोजच्या भत्त्याची सवय आहे, ते सगळं खिशात राहायचं. इथे चांगल्या पगाराच्या एकट्या माणसाचे कर आणि विमे मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात. कुटुंब असेल तर कपात जरा सौम्य होते, आणि मुलामागे सरकारकडून भत्ता मिळतो, 2025 मध्ये महिना 255 युरो. किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीही धरा. रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. आमच्याकडे नव्हता. मी ते पत्र जाहिरात समजून फेकून दिलं, मग दंडासकट दुसरं आलं.

भाषेबाबत तुम्ही लिहिलंय की साइटवर सगळे इंग्रजी बोलतात. बोलतात, पाहुणा असेपर्यंत. नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात एका मीटिंगमध्ये बोलता बोलता सगळे जर्मनवर गेले आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी अर्धा तास समोरच्या पॅनलच्या ड्रॉइंगकडे बघत बसलो. पण माझं निभावलं. खरी अडचण बायकोला आली, मुलाच्या डॉक्टरकडे फोनवर अपॉइंटमेंट घेताना.

मुलीचं वय ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही ती ओझरती लिहिलीत. जर्मनीत शाळा साधारण सहाव्या वर्षी सुरू होते. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चारच वर्षांची (बर्लिन आणि ब्रँडेनबुर्गमध्ये सहा), आणि नंतर मुलांच्या वाटा वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत फुटतात. म्हणजे दहाव्या वर्षी मुलीचं जर्मन कसं आहे यावर पुष्कळ काही ठरतं. आमचा मुलगा आठव्या वर्षी आला. गणितात पुढे होता, पण प्रश्न वाचता येत नव्हता. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याच्यासोबत मीही शब्द पाठ केले. पाच वर्षांची मुलगी बालवाडीत सहा-आठ महिन्यांत बोलायला लागते, फक्त बालवाडीत जागा मिळायला हवी. जागेचा कायदेशीर हक्क 2013 पासून एक वर्षापुढच्या सगळ्या मुलांना आहे, पण प्रतीक्षायादीतून तुम्हालाही जावं लागेल.

यात एक पेच आहे. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. शहाणपण म्हणतं, आधी एकट्याने जा, प्रोबेशन संपवा, मग कुटुंब आणा. मुलीचं वय म्हणतं, थांबू नका. मी थांबलो असतो तर पैशाचं धाडस कमी झालं असतं, पण मुलाचं आणखी अर्धं वर्ष गेलं असतं. तुमच्या जागी मी दोन-तीन महिन्यांत बोलावून घेईन आणि सहा महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवीन. बायकोचं मत वेगळं असेल तर तिचं ऐका, पहिल्या वर्षी घरी तीच असणार आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा जर्मनीची फेरी आहे म्हणालात. ती नेहमीसारखी करू नका. रजा टाकून तीन-चार दिवस वाढवा (शेंगेनचे, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांचे, 180 दिवसांतले 90 दिवस आणि व्हिसावरची तारीख आधी मोजा) आणि जमलं तर बायकोला घेऊन जा. हॉटेल शहराबाहेर घ्या. सकाळी सातची बस पकडा. भाड्याच्या दोन-तीन जाहिरातींना उत्तर द्या आणि किती जण परत फोन करतात ते बघा. एक अख्खा रविवार काढा, दुकानं बंद, रस्ते रिकामे, फोन करायला कोणी ओळखीचं नाही. बायकोला तो दिवस कसा वाटला हे मला तुमच्या क्रमापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि ऑफर लेटरमधल्या तीन गोष्टी मला कळवा: प्रोबेशन किती, त्यानंतरची नोटीस किती, आणि नोकरी गेली तर परतीच्या सामानाचा खर्च कोणाचा. शेवटची बहुतेक लिहिलेली नसेल. सही करण्याआधी ती लिहून मागा.